हाताळायची बाटली

१

आमच्या घरात जुन्या बाटल्यांना जो मान होता तो सख्ख्या नातेवाइकांनाही नव्हता. बाहेरच्या खोलीची एक भिंत पूर्ण कपाटांची. त्यात औषधाच्या, शाईच्या, अत्तराच्या, सोड्याच्या बाटल्या, आणि खालच्या खणात पांढरे सुती हातमोजे. हातमोजे चढवल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, हा माझ्या नवऱ्याचा नियम. मी दातांची डॉक्टर. दिवसभर हातमोजे घालून लोकांच्या तोंडात वावरायचं आणि घरी येऊन धूळ पुसायची तर पुन्हा हातमोजे. "तुमच्या बाटल्यांपेक्षा माझे पेशंट बरे, निदान आ तरी करतात," असं मी म्हणायचे आणि हे हसायचे.

हे पाणीपुरवठा खात्यात आहेत. रस्ता खणून नळ टाकायचं काम. जुन्या वस्तीत खणलं की मातीतून बाटल्या निघतात, त्यातून हा नाद लागला. असाच नाद असलेली मंडळी रविवारी सकाळी एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत जमतात. त्यातले सगळ्यात वडीलधारे म्हणजे बुचवाले. बाटलीबरोबर तिचं मूळ बूचही हवं असा त्यांचा हट्ट, म्हणून हे नाव.

एका रविवारी हे तिथून हसतच घरी आले.

"आज एक नवा माणूस आला होता. जुन्या बाटल्यांच्या नकला करतो. उघड सांगून विकतो, नक्कल आहे म्हणून. आणि गंमत ऐक, पठ्ठ्यानं हातमोजे घातले होते! नकलांना हातमोजे! आम्ही सगळे पोट धरधरून हसलो."

"मग तो काय म्हणाला?"

"तोही हसला. म्हणाला, तुम्ही खुशाल उघड्या हातानं घ्या."

ह्यांनी त्यातली एक घेतली होती. निळी, वीतभर उंच, अंगावर उभ्या कंगोऱ्यांची औषधाची बाटली. तशीच खरी आमच्या कपाटात होतीच. मी विचारलं, मग ही कशाला? तर म्हणे खरी नुसती बघायची असते, ही हाताळायला. सगळ्यांनी तशीच घेतली, बुचवाल्यांनी तर तीन घेतल्या. नाद असलेल्या माणसाचे हात शिवशिवतात आणि खऱ्या बाटलीला तर बोट लावायचं नाही. मग पेपर वाचताना, टीव्ही बघताना अंगठ्यानं कुरवाळत बसायला एखादी नक्कल बरी.

त्या दिवशी ह्यांनी मला ती उलटी करून दाखवली. बाटली खरी की खोटी हे बुडावरून कळतं. वर्षानुवर्षं फळीवरून उचलून ठेवल्यावर बुडाच्या कडेला चरे पडतात, वेडेवाकडे, हव्या त्या दिशेला गेलेले. नक्कल करणारा ते पॉलिशपेपरनं आणतो, म्हणून त्याचे चरे शिस्तीत एकाच दिशेला असतात. ह्या बाटलीचे तसेच होते, भांग पाडल्यासारखे. खऱ्या बाटल्या ही मंडळी डोळ्यांत तेल घालून तपासतात. ही नक्कलच, म्हणून हिला पुन्हा कुणी भिंग लावलं नाही.

२

ह्यांना झोपेत दात खायची सवय आहे. त्यामुळे दाढा पार सपाट झालेल्या, पुढच्या दातांच्या धारा झिजलेल्या. म्हणून मी मागे ह्यांच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा काढून रात्री दातांवर बसवायची एक पारदर्शक खोळ करून दिली होती. साचा दवाखान्याच्या फळीवर अजून आहे. सहा महिन्यांनी एकदा हे दात साफ करून घ्यायला येतात आणि खुर्चीत बसल्या बसल्या मला उपदेश करतात.

ह्या खेपेला आल्या आल्या म्हणाले, "खोळ बसत नाही गं हल्ली. सैल झाली की घट्ट, काही कळत नाही."

मी दिवा ओढला, भिंगाचा चष्मा लावला आणि आरसा तोंडात घातला.

लहान मुलाचा पुढचा दात जेव्हा नवा येतो तेव्हा त्याच्या धारेवर तीन बारीक उंचवटे असतात. खायला लागलं की ते झिजून जातात. मोठ्या माणसाच्या तोंडात ते मी क्वचितच पाहिलेत, आणि ते नेमके ज्यांचे दात एकमेकांना टेकत नाहीत अशांच्या. ह्यांच्या पुढच्या चारही दातांवर ते होते.

आधी वाटलं चष्म्यावर डाग आहे. पुसला. मग अवजाराच्या टोकानं चाचपलं, एक, दोन, तीन. मग खालची उजवी दाढ बघितली. तिच्यात मी स्वतः सिमेंट भरलं होतं, त्या दिवशी हे किती कण्हले होते तेही मला आठवतं. सिमेंट नव्हतं. पडलेलं असतं तर खड्डा दिसला असता. खड्डाही नव्हता. दाढ कोरी, खोल खाचांची, नुकतीच हिरडीतून वर आल्यासारखी.

"काय झालं? कीड आहे?" ह्यांनी तोंडात आरसा असतानाच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही."

ते गेल्यावर मी साचा खाली घेतला आणि कितीतरी वेळ हातात धरून बसले. झीज साच्यात होती. दात कधी भरून येत नाहीत. हाड जुळतं, कातडी सांधते, पण दात एकदा झिजला की झिजला, एवढ्या एका गोष्टीवर माझा सगळा धंदा उभा आहे. दुसऱ्याच कुणाचा साचा असेल, असं मी स्वतःला सांगून बघितलं. मग वाटलं आपले डोळे तपासून घ्यावेत, चष्म्याचं दुकान ओळखीचंच आहे. बाहेर पेशंट खोळंबला होता म्हणून उठले.

३

घरी आले तर हे शीळ घालत होते. हातात निळी बाटली, अंगठा कंगोऱ्यांवरून खालीवर चाललेला. काच आणि कातडी घासल्याचा एक बारीक आवाज येतो त्याचा. इतके दिवस तो कानावर पडत होता, पण त्या संध्याकाळी मला दुसरं काही ऐकूच येईना.

"आज ऑफिसात मजा," ते म्हणाले. "हजेरीच्या यंत्रानं अंगठाच घेतला नाही. साहेब म्हणाले, तुमचे ठसे कुठे गेले हो? मी म्हटलं, बायकोला विचारा, भांडी तीच घासायला लावते."

मी हसले नाही. मी त्यांच्या हनुवटीकडे बघत होते. हनुवटीखाली टाक्यांचा एक व्रण होता. लग्नाआधी मला भेटायला येताना हे सायकलवरून पडले होते. हनुवटीला रुमाल दाबून दारात उभे राहिले आणि माझी आई म्हणाली, आधी ह्याला शिवा, मग बोला. तो व्रण गेला होता.

"अहो, सायकलवरून पडला होतात ते कुठे दिसत नाही."

"सायकल?" त्यांनी भुवया उंचावल्या. "मला कुठे येते सायकल?"

चेष्टा करताहेत असं वाटलं. चेष्टा करताना ह्यांच्या डाव्या डोळ्याजवळ सुरकुती पडते. तिथे सुरकुतीच नव्हती. मी बाटली त्यांच्या हातून घेतली, हळूच, पेपर काढून घ्यावा तशी, आणि खिडकीपाशी नेऊन भिंगाच्या चष्म्यातून बघितली. बुडावरचे चरे आता शिस्तीत नव्हते. वेडेवाकडे, एकमेकांवरून गेलेले, कुठे खोल कुठे पुसट, आयुष्यभर वापरलेल्या वस्तूला असतात तसे. आणि बाटलीच्या खांद्याखाली एक आडवा चरा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक टिंबं. टाके माझ्याच डॉक्टर काकांनी घातले होते, मला ते ओळखता येतात.

मग एकदम आठवलं आणि मी धावतच ह्यांच्याजवळ जाऊन त्यांचा उजवा अंगठा धरला.

हे सांगायलाच हवं. आम्हाला एक मुलगी होती. तिला आम्ही ठकू म्हणायचो. तीन वर्षांची होऊन तापानं गेली. त्या तापात एकदा हे तिला औषध पाजत होते आणि तिनं चिडून ह्यांच्या अंगठ्याचा असा कडकडून चावा घेतला की रक्त आलं. हे हसले होते, म्हणाले, डॉक्टरीणबाईंची लेक, दात मजबूत आहेत. नखाच्या खाली दोन खाचा राहिल्या त्या राहिल्याच. एक सरळ आणि एक किंचित तिरकी, कारण तिचा तो दात तिरका होता. ठकूबद्दल आम्ही बोलत नाही. जमतच नाही. पण संध्याकाळी शेजारी बसलो की मी ह्यांचा अंगठा हातात घेते आणि माझं बोट त्या खाचांवर ठेवते. हेही काही बोलत नाहीत, हात तसाच राहू देतात. आमच्या घरात तिचं एवढंच बोलणं व्हायचं.

खाचा होत्या. पण उथळ झाल्या होत्या, ओल्या साबणावर नख फिरवल्यासारख्या.

"हे कशाचं आहे, आठवतं ना?" मी विचारलं.

ह्यांनी अंगठ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या जिवात जीव आला.

"आठवतं," ते म्हणाले.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाटली स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात कुलूपबंद केली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि बुचवाल्यांकडे निघाले. खरं तर ती तिथल्या तिथे ओट्यावर आपटून फोडावी असं फार वाटत होतं. हात उचललाही होता. पण ह्यांचं काय काय त्या काचेत गेलंय ते ठाऊक नव्हतं. बुचवाल्यांनी तीन घेतल्यात, त्यांना काही जाणवलं असेल तर आधी विचारावं, असं ठरवलं.

दार त्यांच्या बहिणीनं उघडलं. बुचवाल्यांचं लग्न झालेलं नाही, ताईच त्यांचं घर बघतात. मला ओळखून त्या दारातच उभ्या राहिल्या.

"बाटलीचं विचारायला आलात ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. आत घेऊन त्यांनी मला मोरीशेजारच्या खुर्चीवर बसवलं. कपाटं रिकामी होती. कुठेही एक बाटली नव्हती की बूच नव्हतं.

"आधी मला बरंच वाटलं हो," ताई म्हणाल्या. "त्याचे गुडघे दुखायचे थांबले. चष्मा सुटला. आमचे वडील गेल्यापासून रोज संध्याकाळी एकटाच खिन्न बसायचा, तेही थांबलं. मी म्हटलं, चला, माणूस सुधारला. मग एकदा म्हणाला, वडील? कुणाचे वडील?"

"मग?"

"मग मी तिन्ही बाटल्या ह्या मोरीत फोडल्या." त्यांनी मोरीकडे बघितलं नाही. "वाटलं, आतलं परत येईल. डॉक्टर, तोवर निदान तो मला ताई म्हणत होता. भूक लागली की सांगत होता. बाटल्या फुटल्या आणि जे होतं नव्हतं ते सगळं गेलं. तुम्ही फोडली नाहीत ना?"

"नाही."

"फोडू नका. तुमच्या मिस्टरांच्या हातीही देऊ नका."

आतल्या खोलीतून एक आवाज येत होता. कोरडा, सावकाश, थांबून थांबून. आमच्या घरी काचेवर अंगठा फिरतो तसाच, पण हा काचेचा नव्हता. मी विचारायच्या आत ताई म्हणाल्या, "आता हातात काही नसतं. हातावरच हात फिरवतो."

मला बघायचं नव्हतं. तरी उठले. माझ्या धंद्यात न बघता कुणी काही सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवायची सवय नाही. दार अर्धं लोटलेलं होतं. बुचवाले आमच्याकडे पाठ करून खिडकीशी बसले होते, मानेवर एकही वळी नव्हती. खिडकीची काच बंद होती आणि तिच्यात त्यांचा चेहरा दिसत होता. चेहरा त्यांचाच. नाक, कान, कपाळ, सगळं जागच्या जागी, हुबेहूब. फक्त त्यातलं काहीही कधी वापरलेलं नव्हतं. रडलेलं नव्हतं, हसलेलं नव्हतं, उन्हात गेलेलं नव्हतं.

काचेतून त्यांनी मला बघितलं आणि तोंड उघडलं, लहान मूल अनोळखी माणसाला बघून उघडतं तसं. माझी नजर सवयीनं दातांवर गेली. खालचे पुढचे दात हिरडीतून अर्धेच वर आले होते. म्हणजे अर्धे परत आत गेले होते. मी दार ओढून घेतलं.

ताई मला पोचवायला फाटकापर्यंत आल्या नाहीत. आतून पुन्हा तो कोरडा आवाज सुरू झाला होता आणि त्या घाईनं आत गेल्या.

५

घराचं दार उघडं होतं. म्हणजे हे ऑफिसातून लवकर आले होते.

स्वयंपाकघरात गेले तर वरच्या कपाटाचं कुलूप तसंच लागलेलं. फक्त दारच कपाटाला नव्हतं. बिजागऱ्यांचे स्क्रू काढून ते खाली उतरवून नीट भिंतीला टेकवून ठेवलं होतं, कुलपासकट. स्क्रू एका वाटीत. हे असेच आहेत, टापटिपीचे.

ते बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. संध्याकाळचं ऊन निळ्या काचेतून त्यांच्या मांडीवर पडलं होतं. अंगठा बाटलीच्या ओठावरून गोल फिरत होता, न थांबता.

"द्या ती इकडे," मी ओरडले.

ह्यांनी दचकून बघितलं आणि लगेच दिली. वाद नाही, काही नाही. मी त्यांचा अंगठा धरला. ऊन सरळ त्यावर पडत होतं, मला चष्म्याची गरजही लागली नाही. नखाखाली कातडी गुळगुळीत होती.

बाटलीच्या ओठावर दोन खाचा होत्या. एक सरळ आणि एक किंचित तिरकी.

मी काय केलं ते नीट आठवत नाही. बहुतेक जमिनीवरच बसले. ह्यांनी पाणी आणून दिलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला. माणूस प्रेमळ आहे, ते कुठे गेलेलं नाही. थोड्या वेळानं मी त्यांना झोपायच्या खोलीत नेलं आणि ठकूच्या फोटोसमोर उभं केलं. फोटोत ती दात दाखवून हसते आहे.

ह्यांनी फोटो वाकून बघितला. त्यांचा चेहरा उजळला.

"किती गोड आहे गं! कुणाची?"

"आपली," मी म्हटलं.

"असं?" ते म्हणाले. शेजाऱ्याकडची चांगली बातमी ऐकावी इतक्या सभ्यपणे म्हणाले. मग त्यांनी विचारलं, जेवायला काय करायचं?

मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि हेवाही वाटला. दोन्ही खरं आहे.

६

हे आता बरे आहेत. शांत झोपतात, दात खात नाहीत. सकाळी शीळ घालत कामावर जातात. ऑफिसानं त्यांना अंगठ्याऐवजी कार्ड दिलंय. बाटल्यांचा नाद सुटला, कपाटांवर धूळ बसते आणि पुसायचं मीच विसरते. नकला विकणारा पुन्हा त्या खोलीवर आला नाही. मला ते अजून अहो-जाहो करायला लागलेले नाहीत, पण कधी कधी नाव घेण्याआधी जरा थांबतात.

निळी बाटली मी दवाखान्यात आणली. त्यांच्या हाती ती पुन्हा पडू द्यायची नाही आणि फुटूही द्यायची नाही. मऊ कापडात गुंडाळून साच्याच्या शेजारी कपाटात ठेवली आहे. दुपारी पेशंट संपले की मी दार लावते, हातमोजे घालते आणि तिला बाहेर काढते. खांद्याखालचा सायकलीचा चरा बघते. बुडावरचे चरे बघते, त्यातला कुठला कशाचा ते शोधत बसते. एवढं केलं तर काही होत नाही. तो विकणाराही हातमोजे घालूनच सगळं करत होता.

पण माझ्या हातमोज्यांतून खाचा लागत नाहीत. दिसतात, पण बोटाला लागत नाहीत. पातळातले पातळ हातमोजे आणून बघितले. सरळ दाताची खाच कशीबशी कळते, तिरक्याची कळत नाही. आणि तिची ओळख तर तिरक्या दातात आहे.

म्हणून एकदा मी उजवा हातमोजा काढला. एकदाच, असं ठरवून. बोट ठेवलं मात्र आणि ती होती. तापलेली, चिडलेली, औषधाचा चमचा उडवणारी. सगळी होती. मी तिथे खुर्चीत बसून हमसून हमसून रडले आणि खूप दिवसांनी बरं वाटलं.

बरं वाटलं, ह्याचा अर्थ मला कळतो. माझ्या मनगटावर अवजारं उकळायच्या भांड्याचा चटका बसल्याचा जुना डाग आहे. आज सकाळी बघितला तर पुसट वाटला. उजेड कमी असेल. माझ्या समोर पेशंटसाठी आरसा टांगलेला आहे, त्यात मी हल्ली तोंड उघडून बघत नाही.

एक दिवस मी ही बाटली कापडातून काढेन आणि मला तिच्या ओठावर नुसत्या दोन खाचा दिसतील. नक्कल आहे, कडेला टवका उडालाय, असं म्हणून मी ती बाजूला ठेवून देईन. हे सगळं मला अगदी स्वच्छ कळतं, अजून कळतं.

पेशंट गेले आहेत. दार लावलं आहे. मी उजवा हातमोजा काढते.